सुलट कागद

आप्पांनी कागद सुलट चिकटवला तेव्हा मी त्यांच्या पुढ्यातच बसलो होतो. आमच्या मध्ये राळेची पाटी, पाटीशेजारी चांदीचा पत्रा आणि पत्र्यावर त्यांचे दोन्ही तळवे. कागदाखालची हवा ते अंगठ्यानं कडेला सारत होते. हे काम त्यांनी आयुष्यात हजार वेळा तरी केलं असेल. मी हातोडी थांबवली आणि पाहिलं. मग मान फिरवून आप्पांच्या बाजूनं पुन्हा पाहिलं. कागदाच्या कोपऱ्यातला 'श्री' मला सरळ वाचता येत होता.

तो वाचता यायला नको होता.

उठावाचं काम पाठीकडून चालतं. पत्रा राळेवर पालथा बसवायचा, पाठीमागून ठोकून पोट, गाल, सोंड पुढं काढायची आणि मग पत्रा फिरवून पुढच्या अंगानं नाक-डोळे रेखायचे. म्हणून पाठीवर जो नकाशा डकवायचा तो उलटा, आरशात दिसतो तसा, डकवावा लागतो. ट्रेसिंगचा कागद दोन्हीकडून सारखाच दिसतो, फसायला होतं. त्यासाठी आप्पा प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात बारीक 'श्री' लिहून ठेवत. श्री उलटा दिसला की कागद बरोबर लागला. सुलट दिसला की देवाचं डावं ते उजवं झालं. आणि हा देव गणपती होता, डाव्या सोंडेचा सांगितलेला.

मी तोंड उघडलंही होतं. "आप्पा, ते जरा..."

"हातोडी का थांबली?"

"न्हाई, तो कागद..."

"कागदाकडं मी बघतो. तू काठाकडं बघ. काठाचा माणूस हायस तू."

मी तोंड मिटलं. हातोडी उचलली आणि चौकटीच्या काठाच्या पट्टीवर वेलीचं पुढचं पान ठोकायला घेतलं.

ही एकोणीसशे त्र्याण्णव सालची गोष्ट, पौष महिन्यातली. कोल्हापुरात गुजरीच्या, सराफ बाजाराच्या, मागच्या बोळात यशवंत महामुनींचा, म्हणजे आप्पांचा, कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. पुढच्या खोलीत आम्ही दोघं ठोकत बसायचो, मागं भट्टी आणि तिच्यामागं आप्पा-काकूंचा संसार. पण त्या दोन खोल्यांतून निघालेली प्रभावळ नाही असं मोठं देऊळ आमच्या भागात कमी सापडेल. आप्पांनी केलेला देवाचा चेहरा लांबून ओळखू यायचा. माझ्या हातच्या वेलीसुद्धा त्या प्रत्येक चेहऱ्याभोवती होत्या, पण वेल कोण ओळखतो?

नऊ वर्षं मी काठ केले. वेल, पान, मोती, पुन्हा वेल. एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा आलो आणि अठ्ठावीस झालो तरी चेहऱ्याला हात लावायची मुभा नव्हती. मला एक चेहरा करायचा होता. बाकी काही नको होतं. ना वेगळं दुकान, ना नाव. एक चेहरा, आणि तो बघून आप्पांनी एकदा मान डोलवायची.

म्हणून मी चोरून केला. चार महिने घरी बसून तांब्याच्या पत्र्यावर देवीचा मुखवटा ठोकला आणि दिवाळीत फराळाच्या डब्याबरोबर आप्पांपुढं ठेवला. त्यांनी तो उचलला. त्यावरून अंगठा फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग उठून ऐरणीवर ठेवला आणि मोठ्या हातोडीचे तीन घाव घातले. मुखवटा पापडासारखा चपटा झाला.

"मेलेत डोळे," ते म्हणाले. "जा, राळ तापव."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. मी राळ तापवली. त्या दिवसापासून मला आप्पांचा राग येत होता असं म्हटलं तर ते खोटं होईल. रागाच्या फार पुढं गेलो होतो मी. त्या माणसाचं वाटोळं व्हावं, आणि ते आपल्याला बसल्या जागेवरून बघायला मिळावं, असं मला रोज सकाळी वाटायचं.

आणि बसल्या जागेवरून म्हणजे अगदी चार हातांवरून. आधी माझी जागा दाराजवळ उजेडात होती. वर्षभरापूर्वी आप्पांनी ती काढून मला आपल्या बरोबर समोर बसवलं. कारण सांगितलं नाही. कारण मला ठाऊक होतं: माझ्यावर पहारा ठेवायचा, दर घावाला टोचून बोलायचं. "हातात काय मेहंदी लावलीया?" "पान हाय का झुरळ?" दिवसभर हेच.

तर असा हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत सुलट कागदावर हातोडी चालवायला लागला.

पहिले दोन दिवस मला वाटलं, आत्ता कळेल. इतक्या वर्षांचा हात आहे, थांबेल. पण हात थांबला नाही. पोटाचा घेर उठला, कानांची सुपं उठली, आणि सोंड सरळ खाली येऊन नको त्या बाजूला वळली. मोदकाचा हात बदलला, मोडका दात बदलला. मी काठाची पानं मारत होतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो. खरं सांगतो, मजा वाटत होती. लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारखा मी रोज वेळेआधी कारखान्यात हजर व्हायचो. काकूंनी एकदा विचारलंसुद्धा, "रंगनाथ, आजकाल लई खुशीत दिसतोस. पोरगी बघितली का काय?"

"न्हाई काकू. असंच."

चौथ्या दिवशी मात्र माझं मन डगमगलं होतं. दुपारी आप्पा जेवायला आत गेले. पत्रा पाटीवर तसाच होता. कागद अजून पुरता फाटला नव्हता, 'श्री' तेवढा शाबूत होता. त्या वेळी सांगितलं असतं तर पत्र्याला ताव देऊन, सपाट करून नव्यानं सुरू करता आलं असतं. मी उठून आतल्या दारापर्यंत गेलो. आतून आप्पांचा आवाज आला. ते काकूंना सांगत होते, "रंग्याचा काठ बघितलास? नऊ वर्षं झाली, अजून पान वाळल्यावाणी येतं."

मी परत येऊन बसलो.

नवव्या दिवशी त्यांनी राळ तापवून पत्रा सोडवला, साफ केला आणि पालटून पुढची बाजू वर केली. तो गणपती पहिल्यांदा आम्हा दोघांकडं तोंड करून बसला. काय चेहरा होता! अजून डोळे रेखायचे होते, तरी तो बघतोय असं वाटत होतं. सोंड मात्र त्याच्या उजवीकडं.

आप्पांनी अंगठा कपाळावर ठेवला आणि खाली आणला. सोंडेच्या मुळाशी, मग सोंडेवरून, आणि वळणाशी आल्यावर अंगठा थांबला. बराच वेळ तिथंच होता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग त्यांनी मान वर केली.

"रंगा," ते म्हणाले. मला ते रंग्या म्हणायचे, रंगा फार क्वचित. "कसा दिसतोय?"

नऊ वर्षांत त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं.

"झकास आहे, आप्पा," मी म्हणालो.

"सगळं बरोबर?"

"सगळं."

"बरं," ते म्हणाले, आणि पत्रा पुन्हा राळेवर चढवला. पुढचे दोन दिवस त्यांनी डोळे रेखले, गंडस्थळावरच्या रेघा काढल्या, हातातल्या मोदकाच्या पाकळ्यासुद्धा मोजून मारल्या. त्या दोन दिवसांत ते मला एकदाही टोचून बोलले नाहीत. मला तेही विशेष वाटलं नाही.

बाराव्या दिवशी आक्कासाहेब इंगवले आल्या. गणपती त्यांचाच. नव्या बंगल्यातल्या देवघरात माघी चतुर्थीला बसवायचा होता. चांदीही त्यांचीच होती, सासूबाईंच्या पूजेच्या तबकाची. तबक झिजून फुटलं तेव्हा त्यांनी ते मोडीत न घालता आमच्याकडं आणून दिलं होतं आणि सांगितलं होतं की दुसरी चांदी यात गुंजभरही मिसळायची नाही. सत्तरीच्या बाई, काठापदराचं लुगडं, आवाज अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असा.

आप्पांनी फडकं बाजूला केलं. आक्कासाहेबांनी आधी हात जोडले. मग हात तसेच राहिले आणि चेहरा बदलला.

"महामुनी, हे काय केलंत?"

त्या आणखी जवळ आल्या.

"सोंड कुठल्या बाजूला आहे ही?"

"उजव्या."

"आणि मी काय सांगितलं होतं? तीनदा सांगितलं होतं! डाव्या सोंडेचाच पाहिजे म्हणून!" त्यांनी हात सोडले. "उजव्या सोंडेचं सोवळं पाळायला माझ्या घरात आहे कोण? सून बँकेत जाते, लेक आठ-आठ दिवस फिरतीवर असतो. माझ्या माहेरी होता उजव्या सोंडेचा. एक नेम चुकला आणि वर्षाच्या आत घर बसलं ते मी या डोळ्यांनी बघितलंय. तो तुम्ही माझ्या दारात आणून बसवताय?"

"आक्कासाहेब..."

"काय आक्कासाहेब? पन्नास वर्षं देव घडवताय म्हणता, आणि डावं-उजवं कळेना तुम्हाला?"

मी खाली मान घालून बसलो होतो. आता माझी पाळी येणार, हे मला पक्कं माहीत होतं. आप्पा बोट दाखवणार, या गाढवानं कागद सुलट लावला म्हणणार, आणि मी उभा राहून आक्कासाहेबांसमोर सगळं सांगणार. वाक्यं तयार होती माझी. अकरा दिवस दुसरं केलं काय मी?

आप्पा म्हणाले, "हात माझा, चूक माझी. याच चांदीचा नवा करून देतो."

"सहा दिवसांवर चतुर्थी आलीय!"

"सहा दिवसांत देतो."

"नाही दिलात तर अख्ख्या कोल्हापुरात सांगेन मी, महामुनींचा हात संपला म्हणून," असं बजावून आक्कासाहेब बाहेर पडल्या. मोटारीचं दार आपटल्याचा आवाज आला. माझी तयार वाक्यं तोंडातच राहिली.

आप्पांनी फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

"कवा कळलं तुला?"

"काय?"

"रंगा, आता तरी लबाडी नको."

मी म्हणालो, "पहिल्या दिवशी. कागद लावताना."

त्यांनी मान हलवली. "मला पत्रा फिरवला तवा कळलं. अंगठा भलतीकडं गेला. म्हटलं, विचारावं. विचारलं."

"कळलं हुतं तर मग थांबला का न्हाईसा? आणि दोन दिवस डोळे कशाला रेखत बसलासा?"

"तू बोलतोस का ते बघत हुतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बोलायला गेलो न्हवं पहिल्या दिवशी! काठाचा माणूस म्हणून गप बसवलंसा!"

"बसवलं. एकदा गप बसवलं म्हणून माणूस अकरा दिवस गप बसतो? देव वाकडा व्हायलाय हे दिसत असताना? आणि इचारल्यावर झकास म्हणतो?"

"तुम्ही माझा मुखवटा चेपलासा!"

"चेपला. वाईट हुता म्हणून चेपला, तुझ्या तोंडासमोर चेपला. तू माझा देव चांगला पुरा हू दिलास, आणि चेपायचं काम त्या बाईवर सोडलंस."

त्यांनी पत्रा कापायची कातर उचलली आणि माझ्या पुढ्यात टाकली.

"काप. तुकडं करून मुशीत घाल. सांजच्याला लगड ओतून पाहिजे, उद्या पत्रा ओढून आणायचा."

"मी?"

"मग काय मी? तुलाच तर बघायचं हुतं."

मी भट्टीपाशी गेलो. त्या चेहऱ्यावर कातर चालवायला हात धजेना. प्राणप्रतिष्ठा झालेली नव्हती, तेव्हा ती नुसती चांदी होती, हे मला कळत होतं. तरीही मी आधी कान कापले, मग हात, मग पोट, आणि चेहरा शेवटपर्यंत ठेवून दिला. काकू मागच्या दारातून आल्या आणि पायरीवर बसल्या.

"तुला ठाऊक हुतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि मला वाटलं पोरगी बघितलीस." त्यांचा आवाज कोरडा होता. "त्यांना बारीक दिसत न्हाई रे. वर्ष होऊन गेलं. काचबिंदू म्हणाले डॉक्टर. गेलेलं परत येत न्हाई, ऱ्हायलेलं किती टिकंल सांगता येत न्हाई. जाड रेघ कशीबशी दिसती, बाकी सगळं अंगठ्यावर चाललंय. कुणाला सांगायचं न्हाई म्हणून माझ्याकडनं शपथ घेतलीया. कळलं तर कोण देव करायला देईल त्यांच्याकडं?"

माझ्या हातातली कातर थांबली.

"तुझी जागा दारातनं काढून समोर कशाला आणली? मी म्हटलं, उगं त्या पोराला उजेडातनं उठवू नका. तर म्हणाले, त्याचं तोंड लई चालतं, माझी चूक झाली तर त्याला ऱ्हावणार न्हाई, पटकन बोलून टाकील." काकू उठल्या. "लई भरवसा तुझ्या तोंडावर."

मला दया आली, पश्चात्ताप झाला, असं इथं लिहायला बरं वाटलं असतं. पण मला आधी चीडच आली. मग मला सांगायचं होतं! डोळे माझे वापरायचे आणि शिव्याही मलाच द्यायच्या? हा कुठला न्याय? त्या चिडीतच मी चेहरा उभा कापला आणि मुशीत टाकला. लाज नंतर आली, लगड थंड होत असताना, आणि ती चिडीसकट आली. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी पत्रा ओढून आणला. आप्पा आपल्या जागी बसले नव्हते. ते माझ्या जागी बसले होते, माझी काठाची पट्टी पुढ्यात घेऊन. चौकटीच्या तीन बाजू मी पुऱ्या केल्या होत्या. चौथी, गणपती बघण्याच्या नादात, अर्धीच राहिली होती.

"काठ मी करतो," ते म्हणाले. "तू देव कर."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "चेहरासुद्धा?"

"मग काय बिनडोक्याचा देणार हायस?"

"मला येईल का?"

"मला काय इचारतोस? तुला सगळं दिसतंय न्हवं?"

मी त्यांच्या जागेवर बसलो. कागद लावला, उलटा, 'श्री' चारदा तपासून. नऊ वर्षं ज्याच्यासाठी मेलो ते माझ्या पुढ्यात होतं, आणि मनात आनंदाचा लवलेश नव्हता. समोर आप्पा डोळे मिटून वेल मारत होते. बोटानं आधीचं पान चाचपायचे, त्याच्या देठापाशी छिन्नी टेकवायचे आणि एक घाव. माझ्याकडं मान वर करून बघितलं नाही, की एक शब्द सांगितला नाही. मी एकदा विचारलं, "गाल आणखी उठवू का?" ते पान मारत राहिले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "मला कशाला इचारतोस? मी झकास म्हणीन." तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

त्यांची चौथी बाजू तिसऱ्या दिवशी पुरी झाली. मी ती माझ्या तीन बाजूंशेजारी लावून बघितली. नऊ वर्षं मी दुसरं काही केलं नव्हतं, आणि त्या अधू डोळ्यांच्या माणसाची पानं माझ्या पानांपेक्षा ओली होती.

पाचव्या दिवशी दुपारी गणपती झाला. सोंड डावीकडं, मोदक जागच्या जागी. मी उजळवला, चौकटीत बसवला आणि पुसून ठेवला. चांगला झाला होता. मीच म्हणतो म्हणून नव्हे, काकूंनी दारातून बघितलं आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. आप्पा काही तिथपर्यंत आले नाहीत. "तुझं तू बघ," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कासाहेब आल्या त्या सून आणि मुलाला घेऊनच, भांडायच्या तयारीनं. मी फडकं काढलं. त्या वाकल्या. सोंड बघितली, मग चेहरा बघितला, आणि एकदम मऊ झाल्या.

"अगंबाई," त्या सुनेला म्हणाल्या, "बघ तरी कसा बसलाय." मग आप्पांकडं वळून, "महामुनी, रागाच्या भरात फार बोलले मी. हात संपला म्हणाले. देवानं तोंडावर मारलं माझ्या."

आप्पांनी गणपती गुंडाळायला लाल कापड घेतलं. गुंडाळता गुंडाळता त्यांचा अंगठा चेहऱ्यावरून गेला, कपाळापासून खाली. डाव्या डोळ्यापाशी क्षणभर थांबला. मी ते बघितलं. मग अंगठा पुढं गेला आणि कापडाची गाठ बसली.

"हात माझा न्हवं," ते म्हणाले. "हे ह्याचं काम हाय. रंगनाथ वेदपाठक. नाव ध्यानात ठेवा."

आक्कासाहेबांनी माझ्याकडं नव्यानं बघितलं. सुनेनं तर मला वाकून नमस्कारच केला. मला वाटलं, छाती फुटेल. ही मंडळी गाडीत बसेपर्यंत मी बोळाच्या तोंडाशी उभा राहिलो आणि परत आलो तो जवळजवळ पळतच. आता आप्पांचे पाय धरायचे, सगळ्याची माफी मागायची, त्यांचे डोळे व्हायचं असं ठरवूनच.

आप्पा त्यांच्या जागी परत बसले होते.

"डावा डोळा खोल गेलाय," ते म्हणाले.

मी दारातच थांबलो.

"केसभर. त्यांना कळायचा न्हाई. तुला दिसलं हुतं?"

नाही म्हणता आलं असतं. कुणी शाबीत करू शकलं नसतं.

"हो," मी म्हणालो.

"कवा?"

"काल सकाळी. मारतानाच."

"एक दिवस हाताशी हुता. मागनं दोन घाव घालून वर घेता आला असता. मग?"

मला वाटलं होतं, तुम्हाला दिसणार नाही. हेच खरं उत्तर होतं, आणि मी ते दिलं नाही. त्याची गरजही नव्हती. मग माझी हातोडी उचलून त्यांनी दांड्याकडून माझ्यापुढं धरली.

"चेहरा येतोय तुला. कुठंबी पोट भरशील. माझ्याकडं नको."

मी ती घेतली आणि निघालो. काकूंनी हाक मारली नाही. आप्पा त्यानंतर सहा वर्षं जगले, त्यातली चार पुऱ्या अंधारात. मी दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा काकूंनी दारातच पाणी दिलं आणि ते झोपलेत म्हणून सांगितलं. आतून हातोडीचा आवाज येत होता.

आता याला एकतीस वर्षं झाली. माझा स्वतःचा कारखाना आहे, हाताखाली चार माणसं आहेत, चेहरे मीच करतो. आक्कासाहेब गेल्या, त्यांच्या सुनेनं देवघर चालू ठेवलंय. दर माघी चतुर्थीला ती मला मानानं बोलावते, पाट मांडते आणि आलेल्या प्रत्येकाला सांगते की हा गणपती या मामांनी घडवलाय. मग गणपतीकडं बोट दाखवून मला म्हणते, "मामा, काय डोळे काढलेत हो तुम्ही!" डावा डोळा माझ्या समोर असतो, अजून केसभर खोल. घरी हत्यारं आहेत, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी प्रसाद घेतो आणि हो म्हणतो.